म्हशीला काही झालेलं नाही

१९ ऑक्टोबर

आठ दिवसांपासून म्हैस सकाळच्या धारेला दीड लिटर दूध कमी देते आहे. संध्याकाळी मात्र माप बरोबर भरतं. साखर कारखान्याच्या शेतकी विभागात मी तीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे निरीक्षण कसं करावं हे मला कुणी शिकवायला नको. आज शहाद्याहून जनावरांचे डॉक्टर बोलावले. एका फोनवर आले. त्यांनी ताप पाहिला, सड दाबून पाहिले, डोळे पाहिले आणि विचारलं, "धार कोण काढस?"

मी म्हटलं, आमच्या घरातून. माझा हात लागला की म्हैस लाथ झाडते. त्यांनी माझ्या बायकोला, निर्मलाला, पुढे बोलावलं आणि हात दाखवायला सांगितले. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली होती. मूठ वळत नव्हती.

"म्हैसले काहीच व्हयेल नही, नाना," डॉक्टर म्हणाले. "यास्ले दवाखानामा ली जा."

किती दिवसांपासून आहे हे, असं मी निर्मलाला विचारलं. ती म्हणाली, "पोळापाइन. सकायमा बोटे उघडतच नहीत. दोन तासमा मोकळा व्हतस." मग बोलली का नाहीस? "सांगं व्हतं ना. तुम्हीन म्हनात, पानीमा काम करस म्हनीसन दुखस."

मला आठवत नाही. म्हटलं असेन.

२३ ऑक्टोबर

नंदुरबारला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. रक्त तपासलं. आमवात निघाला. बाई म्हणाल्या, शरीराची राखण करणारी फौज स्वतःच्याच सांध्यांवर उठते, असा हा आजार आहे. "नाना, सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. आत्ता औषध सुरू केलं तर हात वाचतील. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे, महिन्या-महिन्याला रक्त तपासायचं. उशीर केलात तर सांधे वाकतात आणि वाकलेले सरळ होत नाहीत."

मी पथ्याचं विचारलं. "सगळं खाऊ द्या, साधं आणि वेळेवर. वजन वाढू देऊ नका." एवढंच! इतक्या शिकलेल्या बाईला वांग्याबद्दल एक शब्द बोलावासा वाटू नये, याचं मला नवल वाटलं. तिथेच माझा विश्वास अर्धा उडाला. उरलेला अर्धा घरी येऊन मोबाईलवर त्या गोळीची माहिती वाचल्यावर उडाला. दुष्परिणामांची यादी आमच्या गावच्या मतदार यादीएवढी होती. गोळ्या कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या. घाईने निर्णय घेणं माझ्या स्वभावात नाही.

२७ ऑक्टोबर

शहाद्याला करणसिंगजींचं 'सप्तशुद्धी' शिबिर ऐकून आलो. पांढरा झब्बा, दाट मिशी, आवाज मोठा. त्यांनी सभेला विचारलं, "नाल्यात गाळ साचला तर तुम्ही नाल्याला गोळी देता का? नाला उपसता ना!" मी आयुष्यभर पाटचाऱ्या उपसून घेतल्या आहेत. हा माणूस माझ्याच भाषेत बोलत होता. टाळी पहिली मी वाजवली.

सात शुद्धी आहेत. पहिली एरंडेलाची, दुसरी कोहळ्याच्या रसाची, पुढच्या क्रमाक्रमाने. पथ्य कडक. वांगं, टोमॅटो, बटाटा, उडीद, दही, दूध, मिरची, गूळ, आंबवलेलं आणि तळलेलं बंद. जोडीला रोज दोन वेळा एक चूर्णाची पुडी. तोरणमाळच्या जंगलातली सात मुळं त्यात आहेत.

घरी येऊन निर्मलाला यादी वाचून दाखवली. ती म्हणाली, "खावानं काय ऱ्हायनं?" मी म्हटलं, तुझ्याबरोबर मीही पथ्य पाळणार. यावर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढचा विषय निघाला नाही.

२ नोव्हेंबर

पाडवा. गोठ्यात दुभती म्हैस आणि घरात दुधाला बंदी. धारेला शेजारची तापीबाई येते, दूध तिच्याच घरी जातं. एरंडेलाची शुद्धी काल झाली. निर्मला दिवसभर आडवी होती. "गाळ निघतोय," मी तिला धीर दिला.

"हा मन्हा हात शे, तुम्हना नाला नही," ती म्हणाली. पुड्या उद्यापासून सुरू.

६ नोव्हेंबर

आज सकाळी मला चुलीजवळ भाकरी थापल्याचा आवाज आला. मला वाटलं तापीबाई असेल. जाऊन पाहतो तर निर्मला! म्हशीची धार काढून झाली होती. मूठ वळवून दाखवली, उघडली, परत वळवली.

"माले बरं वाटी ऱ्हायनं," ती म्हणाली, जणू स्वतःवरच विश्वास बसत नव्हता. चौथ्या दिवशी हा फरक! मला रडू आलं. बत्तीस वर्षांच्या संसारात तिच्यासमोर मी दुसऱ्यांदा रडलो. पहिल्यांदा कापसाचं वजन करताना पायावर काटा पडला होता.

तिचा मूठ वळवतानाचा व्हिडिओ काढला. तिला नको होता. मी म्हटलं, हे लोकांच्या भल्यासाठी आहे. वर माझं दोन मिनिटांचं निवेदन जोडलं. ते साडेसात मिनिटांचं झालं.

२४ नोव्हेंबर

व्हिडिओ पार नवापूर, खांडबाऱ्यापर्यंत पोचला. करणसिंगजींनी मला तालुका संयोजक नेमलं. बिल्ला दिला. पुडी घेणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटात आज एक्केचाळीस माणसं झाली. सकाळपासून फोन चालू असतात. निवृत्तीनंतर माझा फोन फक्त बँकेकडून वाजायचा.

निर्मलाच्या चेहऱ्यावर तेज आलं आहे. गाल भरले, चेहरा गोल झाला. तापीबाई म्हणाली, "जिजी, तू तं मस्त भरी गयी वं!" शुद्ध आहार अंगी लागतो तो असा. उत्साहही अफाट. पहाटेच उठून डबे घासते. झोपच येत नाही म्हणते. फक्त जिभेवर ताबा राहिलेला नाही. काल तिला कोठीत उभ्याने पेढे खाताना पकडलं. एक-दोन नाही, सात. "भूक लागस," ती म्हणाली आणि माझ्यावरच ओरडली. करणसिंगजी म्हणाले, आतली जुनी वासना बाहेर पडते आहे, पडू द्या.

१८ डिसेंबर

इथे खरं लिहायला हरकत नाही. आज शिवारात भरीत पार्टी होती. हिरवी वांगी, तुरकाट्यांच्या जाळावर भाजलेली, वर कांद्याची पात, शेंगदाण्याचं तेल आणि कळण्याची भाकरी. कळण्यात उडीद असतात. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. पुडी घेत नाही, तेव्हा पथ्य मोडलं असं म्हणता येणार नाही. मी पेशंट नाही, संयोजक आहे. जेवणानंतर तिथेच वांग्याच्या दुष्परिणामांवर थोडं बोललो. लोक हसले, का ते कळलं नाही.

घरी आल्यावर निर्मलाने माझ्या मिशीला नाक लावलं आणि आत गेली.

९ जानेवारी

तोरणमाळला जाऊन आलो. हेतू असा, की मूळ कुठून येतं ते पाहावं, गोळा करणाऱ्यांना संयोजक या नात्याने भेटावं आणि आदिवासींच्या शुद्ध आहाराचा अभ्यास करावा. त्यांना आमवात होतच नाही, असं मी सभांतून सांगत असतो. घाटाच्या वळणांनी पोट ढवळून निघालं. ती शुद्धी फुकटची.

वर दलसिंग नावाचा शेतकरी भेटला. आश्रमशाळेत शिकलेला, मराठी स्वच्छ. त्याला निर्मलाच्या दुखण्याचं सांगितलं आणि पुडी उघडून दाखवली. त्याने हुंगली, बोटावर घेतली. "हे आमच्याकडचं नाही. सुंठीचा वास येतो. बाकीचं काय आहे ठाऊक नाही." त्याची म्हातारी आई, नानीबाई, ओट्यावर बसून सुपात भगर पाखडत होती. मी तिच्या हातांकडे बोट दाखवून म्हटलं, बघा, या वयात कशी बोटं चालतात, हाच तो आहार!

दलसिंग आत जाऊन एक कार्ड घेऊन आला. सरकारी दवाखान्याचं. "आईला आमवात आहे. चार वर्षांपूर्वी मूठ वळत नव्हती. लगेच खाली नेलं. दर बुधवारी एक गोळी घेते. रक्त तपासायला मी नेतो." मग तो हसून म्हणाला, "आमच्या जंगलात असं मूळ असतं तर एवढा घाट उतरून आम्ही कशाला गेलो असतो?"

नानीबाईने त्याला त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी विचारलं. मी अर्थ विचारला. "आई विचारते, तुम्ही तुमच्या बायकोला घेऊन का नाही आलात? दवाखान्यात सोबत नेलं असतं."

त्यांनी जेवू घातलं. भगर, उडदाची डाळ आणि लसूण-मिरचीची चटणी. उडीद आणि मिरची पाहून फार वाईट वाटलं. शहरी सवयी डोंगरावर पोचल्या, हेच खरं. आपल्याच जंगलाची किंमत त्यांना राहिलेली नाही. पुढच्या भाषणात यावर बोलेन. कार्डाचं सांगणार नाही, लोकांचा गोंधळ होतो.

११ फेब्रुवारी

नंदुरबारच्या दवाखान्यातून फोन आला. पेशंट तपासणीला का आली नाही? आम्ही बरे झालो, असं ठणकावून सांगितलं. निर्मला शेजारीच उभी होती.

"मी काय म्हनस, एकदाव बाईले हात दखाडी येऊत."

"कशाला? दुखतंय का?"

"दुखत नही. पन हाई देखा." तिने उजवा हात पुढे केला. अनामिका आणि करंगळी मधल्या पेरात वाकलेली आहेत. सरळ कर म्हटलं तर होत नाहीत. ओढून पाहिलं तर तिने हात काढून घेतला.

करणसिंगजींना फोटो पाठवला. उत्तर आलं, जुना गाळ निघताना वाट वाकडी करतो, सातव्या शुद्धीत सरळ होईल. मी हे निर्मलाला वाचून दाखवलं. मला भीती वाटते आहे. दवाखान्यात नेलं आणि रक्तात काही निघालं, तर एक्केचाळीस माणसांना काय तोंड दाखवू? आता त्रेसष्ट झाली आहेत. हे वाक्य मी लिहिलं आहे आणि खोडणार नाही, पण कुणाला दाखवणारही नाही.

३ मार्च

सातवी शुद्धी आजपासून. सात दिवस लिंबूपाणी, आणि पुडी एकदम बंद. शरीराने आता स्वतःच्या बळावर उभं राहायचं. निर्मला म्हणाली, तिला काहीच नको आहे, फक्त झोप हवी आहे. गटावर 'महाशुद्धी दिवस पहिला' असा फलक टाकला. छप्पन जणांनी हात जोडले.

६ मार्च

नंदुरबार. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे.

सकाळी ती गोठ्यात बादलीशेजारी पडलेली सापडली. उलटी झालेली, अंग गार, डोळे अर्धवट. हाक मारली तर ओळखलं नाही. तापीबाईच्या पुतण्याने गाडी काढली. मी रस्ताभर तिचा हात धरून होतो. तोच हात.

डॉक्टरीणबाईंनी सुया लावल्या आणि मला बाहेर गाठलं. "रक्तदाब फार खाली आहे. काय घेत होत्या?" मी म्हटलं, काही नाही, घरगुती काढा. पुडी माझ्या खिशात होती. बिल्लाही त्याच खिशात होता. बाई म्हणाल्या, "नाना, तुम्ही चुकीचं सांगितलंत तर मी चुकीचं औषध देईन. मग मला विचारू नका."

मी पुडी काढून दिली.

त्यांनी ती हुंगली नाही की चाखली नाही. फक्त विचारलं, "तीन-चार दिवसांत एकदम आराम? चेहरा गोल? खा खा? झोप नाही? आणि आता एकदम बंद केली?" प्रत्येक प्रश्नाला मी मान हलवत गेलो. सगळं माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. फक्त मी त्याला तेज म्हणत होतो.

"स्टेरॉइड मिसळलेलं असणार. तपासायला पाठवते. शरीराला बाहेरून मिळायची सवय झाली की ते स्वतःचं बनवणं सोडतं. अचानक तोडलं की माणूस असा कोसळतो. आणखी दोन तास उशीर झाला असता तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी पुरं करायला सांगितलं नाही.

९ मार्च

निर्मला बोलली. साखर वाढलेली आहे, ती उतरेल म्हणतात. हातांचे फोटो काढले. बाईंनी मला उजेडापुढे धरून दाखवले. आठ बोटं औषधाने राखता येतील. उजव्या हाताची ती दोन सरळ होणार नाहीत. पुडीने दुखणं झाकलं आणि आजार आत काम करत राहिला. ऑक्टोबरात गोळी सुरू केली असती तर? मी विचारलं. "बहुतेक वाचली असती," बाई म्हणाल्या. मला त्यांनी रागवायला हवं होतं. त्या रागावल्या नाहीत.

निर्मलाला मी म्हटलं, चुकलो. ती छताकडे पाहत होती.

"म्हैसकरता एक फोनमा डॉक्टर बलावा तुम्हीन. मन्हाकरता सातपुडा चढी उनात."

मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो. मला स्वतःची लाज वाटते. यापेक्षा चांगला शब्द मला येत नाही.

१५ मार्च

घरी आलो. गोळी सुरू झाली, दर रविवारी एक. जेवणात सगळं. आज वांग्याचं भरीत तिने मागून घेतलं.

मी गटावर सगळं खरं लिहिलं. खाली ठळक करून लिहिलं, की पुडी एकदम बंद करू नका, जीवावर बेतेल, पुडी हातात घेऊनच दवाखाना गाठा. चार मिनिटांत मला गटातून काढलं. तापीबाईच्या मोबाईलवर पुढचं वाचायला मिळालं. करणसिंगजींनी लिहिलं होतं, 'माजी संयोजकांच्या घरात पथ्य पाळलं गेलं नाही. भरीत खाल्ल्याचे साक्षीदार आहेत.' त्याला एकसष्ट जणांनी हात जोडले.

साक्षीदार आहेत हे खरं आहे.

बाईंनी करणसिंगजींविरुद्ध तक्रार दिली आहे. मी माझा जबाब लिहून दिला. त्रेसष्ट नावांची यादी माझ्याकडे आहे, गावांसकट. आता दारोदार जायचं.

२२ मार्च

आठ दिवसांत एकोणीस घरं झाली. पाच जण दवाखान्यात गेले. दोघांनी चहा दिला आणि विषय बदलला. बाकीच्यांना मी डॉक्टरांना फितूर झालो आहे असं वाटतं. मी इतकं पटवून बोलत होतो हे मला माहीत नव्हतं.

२४ मार्च

तापीबाईच्या पुतण्याची गाडी घेऊन धानोऱ्याला, यादीतल्या उखा पाटलाकडे निघालो तर निर्मला चपला घालून उभी. "मी बी येस." मी म्हटलं, उन्हाचं कशाला? तिने ऐकलं नाही.

उखाची मुलगी मयूरी, बावीस वर्षांची, डिसेंबरापासून पुडी घेते आहे. आम्ही बसलो. ती पाणी घेऊन आली. चेहरा पौर्णिमेसारखा गोल. तांब्या दोन्ही तळव्यांत दाबून धरला होता, बोटांनी नाही.

मी सगळं सांगितलं. स्टेरॉइड, रक्तदाब, एकदम बंद करू नका, दवाखाना. उखाने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हनजे पुडी चालूच ठेवनी ना?"

"दवाखान्यात जाईपर्यंत. मग डॉक्टर हळूहळू कमी करतील आणि खरं औषध देतील."

"नाना, तिनं लगन जमी ऱ्हायनं. दवाखानामा नाव लागनं तं सोयरा पाठ फिरावतीन. पुडीमा कोनले समजत नही. आनि गुन शे ना! तुम्हीच तं सांगं व्हतं. हाई देखा."

त्याने मोबाईल काढला आणि व्हिडिओ लावला. साडेसात मिनिटं. माझा आवाज त्या ओट्यावर घुमायला लागला. गाळ, नाला, फौजफाटा, चौथ्या दिवशी चमत्कार. मी "बंद कर" म्हटलं, पण व्हिडिओतला मी माझ्यापेक्षा जोरात बोलत होतो. उखा त्याच्याकडेच पाहत होता, मान डोलावत. समोर बसलेल्या माझ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्या माणसापुढे माझं काही चालेना. तीस वर्षं नोकरी केली, पण इतका विश्वास माझ्यावर कुणी ठेवला नव्हता.

निर्मला उठली. तिने मोबाईल उखाच्या हातातून घेतला, खाटेवर ठेवला आणि शेजारी आपला उजवा हात ठेवला.

"उखाभाऊ, मोबाईलमा मूठ वळी ऱ्हायनी ती मीच शे. आते हाई देखा."

तिने मूठ वळवायला घेतली. तीन बोटं कशीबशी मिटली. दोन तशीच अर्धवट वाकलेली राहिली. पडद्यावरची मूठ उघडत होती, मिटत होती. खाटेवरची अर्ध्यावर थांबली. तिच्या कपाळावर घाम आला तरी तिने हात मागे घेतला नाही.

"तुन्ही पोरना हात दुखाले कितला महिना व्हयनात?" तिने विचारलं.

व्हिडिओत मी सर्वांचे आभार मानत होतो.

"पाच," मयूरी दारातून म्हणाली. मग ती आत गेली, पुड्यांची पिशवी घेऊन आली आणि चपला घालून आमच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. उखा दोन मिनिटं खाटेकडे पाहत राहिला. मग घराला कुलूप लावून तिच्या शेजारी येऊन बसला.

नंदुरबारपर्यंत कुणी बोललं नाही. मीही नाही.